मौनास गुण नाहींत

परीक्षा घेण्यांत आमचें उभें आयुष्य गेलें. परंतु परीक्षा म्हणजे काय, हें आम्हांस निवृत्तीनंतर आमच्या भाच्याच्या अपयशानें कळलें. वाचकांस ही कबुली चमत्कारिक वाटेल, म्हणून हकीकत क्रमानें सांगतों.

भाचा लहानपणापासून आमच्याच घरीं वाढला. आतां तो इंजिनियर होऊन सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठीं मुलाखती देत आहे. मुलाखत म्हटली कीं आमच्या डोळ्यांसमोर एक टेबल, तीन परीक्षक आणि पंधरा मिनिटें उभीं राहतात. हा प्रकार निराळाच. प्रथम घरीं बसून घड्याळ लावून सोडवावयाचे प्रश्न. त्यांतून जे तरतील त्यांनीं परीक्षकासमोर प्रोग्रॅम लिहून दाखवावयाचा. पुढें एखादी मोठी व्यवस्था कशी उभारावी याची चर्चा. आणि शेवटीं स्वभाव व पगार यांविषयीं बोलणें.

भाचा दुसऱ्याच पायरीवर अडला. प्रश्न असा होता: चढत्या क्रमानें लावलेली संख्यांची यादी एके ठिकाणीं कापून मागचा भाग पुढें आणून ठेवला आहे, तींत दिलेली संख्या शोधावी. क्रम शाबूत असता तर काम सोपें होतें. कोशांत शब्द पाहतांना आपण मधलें पान उघडतों, शब्द अलीकडे कीं पलीकडे तें ठरवितों आणि अर्धा कोश सोडून देतों. दर खेपेस असें निम्में सोडीत गेल्यास दहा लाख शब्दांतून इष्ट शब्द वीस खेपांत सांपडतो. कापलेल्या यादीचेही मधोमध दोन भाग केले असतां एक भाग सरळ क्रमाचाच निघतो. तो ओळखला म्हणजे वाट सांपडली. भाच्यास हें सुचलेंही होतें. परंतु तो चकार शब्द न काढतां विचार करीत बसला, आणि लिहावयास लागतो तोंच वेळ संपली. परीक्षक सज्जन होते. ते म्हणाले, "तुमच्या मनांत काय चाललं होतं, तें मला कळलंच नाहीं. मौनाला मी गुण कसे देऊं?"

लॅपटॉप मिटून तो बाहेर आला, तेव्हां आम्ही त्या परीक्षकांवर तोंडसुख घेऊं लागलों. तो शांतपणें म्हणाला, "मामा, उत्तर पुरतं तयार झाल्याशिवाय तोंड उघडूं नये, हें तुम्हीच ना शिकवलंत?"

आम्ही निरुत्तर झालों. "पुटपुटूं नकोस!" असें दरडावून आम्हीं वर्गांत किती मुलांचीं तोंडें बंद केलीं असतील, याची गणतीच नाहीं. आणि आम्ही ज्या शास्त्रावर वाढलों, त्याची रीत मात्र उलट! पतंजलींच्या महाभाष्यांत शंका उघड मांडली जाते, पूर्वपक्षास पुरतें बोलूं दिलें जातें, आणि मगच सिद्धान्त येतो. आम्हीं मुलांकडून नुसता सिद्धान्तच घोकून घेतला.

भाच्यानें आम्हांस या शोधपद्धतीचाच इतिहास सांगितला. जॉन बेंटली या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें अनुभवी प्रोग्रॅमरांस ही कोशाची युक्ति लिहावयास दिली, तेव्हां दहांपैकीं नऊजणांच्या लेखनांत दोष निघाले. हें त्यानें आपल्या 1986 सालच्या पुस्तकांत नमूद केलें, व निर्दोष म्हणून स्वतःचा प्रोग्रॅमही दिला. पुढें 2006 सालीं जोशुआ ब्लॉक यानें दाखवून दिलें कीं, त्या प्रोग्रॅमांतही एक दोष लपलेला आहे, आणि तोच दोष जावा भाषेच्या ग्रंथालयांत सुमारें नऊ वर्षें कोणाच्या लक्षांत न येतां राहिला होता. मध्य काढण्यासाठीं दोन टोकांची बेरीज करावी लागते. यादी फारच मोठी असली तर ती बेरीज यंत्राच्या अंकमर्यादेबाहेर जाते! जेथें अशा पंडितांचीही ही गत, तेथें निर्दोष उत्तर हातीं येईपर्यंत गप्प बसणारानें बोलावें तरी केव्हां?

मग आम्हीं रोज सायंकाळीं परीक्षकाची भूमिका घेतली. आम्हांस प्रोग्रॅमांतलें कांहीं कळत नाहीं, हें पथ्यावरच पडलें. त्यास प्रत्येक पायरी उलगडून सांगावी लागे. पहिले चार दिवस तो चुकला कीं आम्ही संवयीनें "चूक!" म्हणून ओरडत असूं आणि तो पुनः गप्प होई. पांचव्या दिवशीं आम्हीं जीभ आवरली व एवढेंच म्हटलें, "बरें, पुढें?" तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, आणि आपली चूक त्यानें आपणच शोधून काढली.

परवां दुसऱ्या कंपनीची मुलाखत झाली. दाराआडून त्याचा आवाज ऐकूं आला: "थांबा, इथं मी चुकलों. यादी रिकामी असली तर हें अडेल. बदलतों." निकाल अद्याप यावयाचा आहे. तो कसाही लागो, त्याची आम्हांस चिंता वाटत नाहीं. चिंता वाटते ती ज्यांस आम्हीं गप्प केलें, त्या विद्यार्थ्यांची. त्यांतले पुष्कळजण आतां पन्नाशीस आले असतील, त्यांस "बरें, पुढें?" असें म्हणावयाचें आमच्याकडून राहून गेलें.