दुसरी सर्व्हिस

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवें कांहीं शिकूं नये, असा एक समज आपल्या मध्यमवर्गांत रूढ आहे. शिकवावें मात्र भरपूर! आम्ही तर तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकवीत आलों. तेव्हां गेल्या पावसाळ्यानंतर आम्हांस टेनिसची टॉपस्पिन सर्व्हिस शिकण्याची बुद्धि झाली, ती घरांत थट्टेचा विषय झाल्यावांचून कशी राहणार?

पण आमची जुनी सर्व्हिस थट्टेच्याच योग्यतेची होती. पहिली जोरानें मारावी, ती जाळ्यांत जावी. दुसरी भीतभीत ढकलावी, आणि प्रतिपक्ष्यानें ती आमच्याच पायाशीं आणून आदळावी, असा तिचा क्रम ठरलेला.

यांतील शास्त्र आम्हांस पुरतें ठाऊक होतें. मागच्या रेषेपासून जाळें ३९ फूट दूर; मध्यावर त्याची उंची ३ फूट; आणि त्यापलीकडे २१ फुटांच्या आंत चेंडू पडावयास हवा. वेगानें सरळ मारलेल्या चेंडूस एवढ्यांत उतरावयाला फारच अरुंद वाट मिळते. मात्र त्याला पुढच्या दिशेनें फिरकी दिली, तर तो आपल्यामागची हवा वर लोटतो आणि स्वतः खालीं दाबला जातो. तिरप्या रॅकेटनें मारलेल्या चेंडूच्या वक्र मार्गाचा उल्लेख न्यूटननें १६७२ मधील एका पत्रांत केला आहे. लॉर्ड रॅले यांनीं १८७७ सालीं त्यावर निबंधच लिहिला. हें सारें आम्ही दरवर्षीं फळ्यावर काढून दाखवितों.

जिमखान्यावरचा मार्कर आमच्या मुलाच्या वयाचा. रॅलेचें नांव त्यानें ऐकलेलें नव्हतें. तो एवढेंच म्हणाला, “सर, चेंडू पुढें मारूं नका, वर घासा.” चेंडू डोक्यावर, किंचित् डावीकडे उडवावयाचा, गुडघे वांकवावयाचे, आणि घड्याळाच्या तबकडीवर सातापासून एकाकडे जावें, तशी रॅकेट चेंडूच्या पाठीवरून झरकन् न्यावयाची. पहिल्या पंधरवड्यांत आमचे चेंडू शेजारच्या कोर्टांत गेले, कुंपणापलीकडे गेले. योग्य चौकोनांत तेवढे गेले नाहींत.

“सर, शेवटच्या क्षणीं तुम्ही हात आंखडतां,” तो म्हणाला. खरेंच होतें. चूक होईल या भयानें हात मंदावे. हात मंदावला कीं फिरकी कमी. फिरकी कमी कीं चेंडू बाहेर! जन्मभर ज्या सावधपणाच्या बळावर आम्हीं संसार आणि नोकरी सांभाळली, तोच येथें दगा देत होता.

अशाच एका सकाळीं, कुंपणापाशीं चेंडू वेंचतांना, आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. सिद्धान्त त्याला मुखोद्गत. पण प्रयोगशाळेंत स्पेक्ट्रोमीटर जुळवितांना त्याचा हात कांपे. एकदां साऱ्या वर्गादेखत आम्हीं त्याला विचारलें होतें, “समजलें आहे, तर करतां कां येत नाहीं?” वर्ग हंसला. पुढच्या वर्षीं त्यानें विषय बदलला, आणि आम्हीं तें फारसें मनावरही घेतलें नाहीं.

आमच्या मार्करनें तो प्रश्न आम्हांस कधींच विचारला नाहीं. तो नुसता टोपलींतून दुसरा चेंडू काढून हातांत ठेवी आणि म्हणे, “पुन्हां, सर.”

आतां दहांपैकीं चार चेंडू साधतात. जाळ्यावरून चांगला हातभर उंच जाऊन चेंडू एकाएकीं खालीं वळतो आणि टप्पा पडतांच खांद्याइतका उसळतो, तेव्हां होणारा आनंद फळ्यावरच्या आकृतींत आम्हांस कधीं सांपडला नव्हता.

प्रयोगशाळेंत हल्लीं कोणाचा हात कांपला, तर आम्ही स्वतः यंत्राचे स्क्रू सैल करून देतों आणि म्हणतों, “पुन्हां करा.” मुलांना यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. ज्याला वाटलें असतें, त्याचा ठावठिकाणा मात्र आमच्यापाशीं नाहीं. टेनिसमध्यें नियमच दुसऱ्या सर्व्हिसची सोय करून ठेवतो. वर्गांत ती मास्तरानें द्यावयाची असते, आणि आम्हीं ती त्याला दिली नाहीं.