मु. पो. जुनं गाव

"आपलं जुनं गाव दाखव बरं त्यात," दिवाळीला माजलगावला गेलो तेव्हा आजी म्हणाली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे माझ्या फोनमध्ये जगातलं सगळं सापडतं असा तिचा समज आहे. मी नकाशा उघडला, सिंदफणेवरच्या धरणापाशी नेला आणि निळ्या पाण्यावर बोट ठेवलं. तिनं चष्मा पुसून नीट बघितलं. "पाणी तर मला बी दिसायलंय. गाव कुठंय?"

माजलगावचं धरण म्हणजे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचं हे धरण १९८७ साली पूर्ण झालं. पैठणच्या उजव्या कालव्यातून नाथसागराचं पाणीही इथे येतं. आमचं गाव त्या पाण्याखाली गेलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, बावीस वर्षांचे होते. गावाचं नाव नव्या जागेला मिळालं, फक्त कागदावर त्याच्यापुढे कंसात 'पुनर्वसन' लागलं. घरात मात्र अजून दोनच नावं चालतात : जुनं गाव आणि नवं गाव.

नकाशात नाही तर पोस्टात सापडेल, असं मला वाटलं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत बंद पडलेल्या पोस्ट ऑफिसांच्या याद्या घेऊन उजाड वस्त्या शोधत फिरणारे लोक आहेत. तिथे १८९६ पासून पोस्टमन थेट शेतावरच्या घरापर्यंत पत्रं नेऊ लागला, तशी छोटी पोस्टं बंद होत गेली. पोस्ट गेलं की वस्तीचं नावही लोक विसरले, आणि ते उरलं फक्त यादीत.

आपल्याकडे सरकारच्या खुल्या डेटाच्या साइटवर देशभरातल्या पोस्टांची यादी मिळते. मी ती डाउनलोड केली, पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या आणि ४३११३१ हा माजलगावचा पिनकोड लावला. आजूबाजूच्या गावांची पोस्टं आली. आमचं नाव शोधलं : शून्य ओळी.

खरं तर दोष पिनकोडचा नाही. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहायच्या इतक्या भाषा, यातून पत्र चुकू नये म्हणून ही सहा आकड्यांची सोय. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. म्हणजे एका पिनकोडात कित्येक गावं. आकडा पत्राला माजलगावपर्यंत आणतो. पुढचा रस्ता गावाच्या नावानंच काढायचा.

मागे जावं तर तिथेही अडचण. बीड निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याचं टपाल वेगळं होतं. १८६९ पासून त्यांची स्वतःची तिकिटं होती, पुढे त्यांवर उर्दू आणि इंग्रजीसोबत तेलुगू आणि मराठीही आली. १ एप्रिल १९५० ला ते टपाल भारताच्या टपालात मिसळलं. त्यामुळे मराठवाड्यातल्या पोस्टाचा माग काढायचा तर एकाच गावासाठी दोन सरकारांची दप्तरं चाळावी लागतात.

मी हे सगळं उत्साहानं अण्णांना सांगत होतो. ते ऐकून घेत होते. मग उठले आणि कपाटावरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत पोस्टकार्डं होती.

आजोबा-आजी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची टोळी निघायची, ती थेट पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. पट्टा पडेपर्यंत मुक्काम कोपीत. अण्णा गावातच त्यांच्या आजीजवळ राहून शाळा शिकायचे. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून आजोबा कुणाकडून तरी कार्ड लिहून घ्यायचे. प्रत्येकावर पत्ता तोच, 'मु. पो.' पासून सुरू होणारा.

तुमच्याही आधार कार्डावर बघा. गावात पोस्ट असेल तर 'मु. पो.' एकत्र येतं. नसेल तर मुक्काम तुमचा आणि पोस्ट शेजारच्या गावाचं. अण्णा आजही सांगतात, "आपलं मु. पो. होतं." त्या पत्त्याखाली गोल शिक्का होता, फिकट झालेला, पण नाव वाचता येत होतं. यादीत न सापडलेलं आमचं गाव मला तिथे सापडलं.

"पोस्टाची इमारत कुठं होती?" मी विचारलं.

"इमारत कशाची? मास्तरांची ओसरी."

गावच्या शाखा डाकघराला बहुतेक वेळा स्वतःची इमारत नसतेच. शिक्षक, दुकानदार असा कुणी तरी रोज काही तास पोस्टमास्तर होतो आणि पोस्ट त्याच्याच घरात चालतं. पत्र्याची पेटी, शिक्का, शाईची गादी, तिकिटं, वजनकाटा. मास्तर उठून गेले की पोस्टही गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन गावाची जोती उघडी पडली, तरी अमुक दगड पोस्टाचा होता असं दाखवता येणार नाही.

सवयीनं मी कार्डांचा तक्ता केला. शिक्क्यांवरच्या तारखा, एकेका ओळीत. आजोबा दर पंधरवड्याला कार्ड पाठवायचे, हे लगेच कळलं. फक्त १९७७ च्या जानेवारीत एक जागा रिकामी होती. आधीच्या कार्डात 'धाकटीला ताप आहे' एवढंच होतं. नंतरच्या कार्डात तिचा उल्लेख नव्हता.

"अण्णा, यातलं एक कार्ड हरवलंय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हरवलं नाही. ते कार्ड ठेवत नसतेत."

कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड आलं की वाचायच्या आधीच कळायचं, कुणी तरी गेलंय. ते उंबऱ्याच्या आत नेत नसत, वाचून बाहेरच फाडून टाकत. त्या दिवशी अकरा वर्षांचे अण्णा नेहमीसारखे कार्ड घ्यायला ओसरीवर गेले होते. घरी कार्ड तेच वाचून दाखवायचे. मास्तरांनी दिलं नाही. म्हणाले, "तू जा, आज्जीला पाठव. आणि तू इकडं येऊ नको, शाळेत जाऊन बस." अण्णा शाळेत जाऊन बसले. संध्याकाळी त्यांना दारात कार्डाचे तुकडे दिसले.

"मास्तर नसते, तर ते मलाच वाचावं लागलं असतं," अण्णा म्हणाले.

मी शून्य ओळींचा विचार करत होतो. गावाचं पोस्ट बंद झालं, अशी नोंद कुठल्या तरी फायलीत असेलही. पण कुठलं कार्ड कुणाच्या हातात द्यायचं हे कळणारा माणूस गावात होता, याची नोंद कशात सापडणार?

आजी एवढा वेळ गप्प होती. आता म्हणाली, "कोपरा मीच फाडला व्हता. कारखान्यावरच्या कारकुनानं लिहिलं सगळं. मला लिहिता येत नव्हतं. तेवढंच आलं."

ती मुलगी कोपीतच जन्मली आणि दोन महिन्यांत गेली. अण्णांनी तिला पाहिलं नव्हतं. तिला काय म्हणायचे, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी आत्ता विचारलं. आजीनं नाव सांगितलं आणि पदरानं चष्मा पुसत बसली. तक्त्यातल्या रिकाम्या ओळीत मी ते नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात गावाचं.