पहिल्या रकान्यातला सी

माझ्या लहानपणीच्या एका फोटोबद्दल आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. फोटो कृष्णधवल, कडा दातेरी, मागे आईच्या अक्षरात फक्त ‘गौरी-गणपती, १९७३’. मी चार वर्षांचा असेन. गिरगावातल्या चाळीतल्या खोलीत, खिडकीशी बसून मी एक लांबट पुठ्ठा उजेडात धरला आहे. पुठ्ठ्याला बारीक चौकोनी भोकं आहेत आणि त्यांतून आलेला उजेड फोटोत पांढराशुभ्र उमटला आहे. चेहऱ्यावर भाव असा, की मुलगा मन लावून काहीतरी वाचतोय. अक्षरओळख तर तेव्हा झालीच नव्हती.

बाबा म्हणायचे, मखराचा तुकडा असेल. आईला काही आठवत नव्हतं. सोलापूरचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मात्र ठामपणे सांगायचे, “जकार्डचं पान आहे ते.” आजोबांचं आयुष्य मागावर गेलेलं. चादरीवरचं नक्षीकाम कसं उमटतं, ते त्यांनी मला मागाजवळ उभं करून दाखवलं होतं. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे रेटली जाते आणि धागा खालीच राहतो. पानांमागून पानं सरकत जातात आणि फुलं विणली जातात. फोटोतला पुठ्ठा म्हणजे अशाच एखाद्या फुलाची पाकळी, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

पुढे इंजिनिअरिंगला फॉर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली. प्रोग्रॅम भोकांच्या कार्डांवर उतरवण्याचे दिवस तेव्हा सरत आले होते, पण आमच्या सरांनी जुन्या कार्डांचा एक गठ्ठा जपून ठेवला होता. त्यांनी एक कार्ड वर्गात फिरवलं. कापलेला कोपरा, चौकोनी भोकं, ऐंशी उभे रकाने, बारा आडव्या ओळी. हातात येताक्षणी मी ते ओळखलं. हर्मन हॉलेरिथनं अशा भोकांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दिली, हे सरांनी त्याच तासाला सांगितलं. आजोबांचं उत्तर चुकलं असलं तरी घराणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

उरलेला उलगडा आत्यानं केला. लग्नाआधी ती फोर्टातल्या एका कचेरीत पंच ऑपरेटर होती. फोटो पाहून म्हणाली, “अरे, ही तर आमची बाद कार्डं! मखराच्या चांदण्या करायला मीच आणली होती.” म्हणजे बाबांचंही खरंच होतं.

मग ती कामाबद्दल बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो. प्रोग्रॅमर मंडळी कोडिंग शीटवर पेन्सिलीनं एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहून पाठवायची. आत्यासारख्या मुली ते भोकं पाडणाऱ्या यंत्रावर बडवायच्या. दुसरी मुलगी तेच सगळं व्हेरिफायरवर पुन्हा बडवायची. दोघींचं जुळलं तरच कार्ड पुढे जायचं. गठ्ठा हातातून निसटला तर सगळा क्रम जायचा, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर शाईनं तिरकी रेघ ओढून ठेवायच्या. आत्याला फॉर्ट्रान येत नव्हती, पण त्या भाषेचं अंग तिला पाठ होतं. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, सात ते बहात्तरमध्ये मजकूर, शेवटच्या आठांत गठ्ठ्यातला अनुक्रम.

फॉर्ट्रान १९५७ साली आली. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ७०४ या यंत्रासाठी घडवली. त्याआधी यंत्राशी बोलायचं तर बहुधा त्याच्याच आकड्यांत किंवा सांकेतिक आज्ञांत. आता गणिती वहीत लिहितो तसं सूत्र लिहावं आणि भाषांतराचं काम यंत्रावर सोपवावं, अशी सोय झाली. ग्रेस हॉपर यांनी आग्रह धरला, की हिशेबनिसालाही वाचता येईल असा प्रोग्रॅम साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यायला हवा. त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा ठसा कोबॉल या भाषेवर उमटला. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमेल अशी बेसिक आणली. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आलं. या भाषांचा इतिहास मला यंत्रं वेगवान होत गेल्याचा वाटत नाही. यंत्राजवळ जाण्याचा हक्क एकेका नव्या माणसाला मिळत गेल्याचा वाटतो.

अलीकडे मी तो फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. आत्याच्या कचेरीतल्या कार्डांचा डावा कोपरा कापलेला असे. फोटोत तो उजवीकडे दिसतो. म्हणजे कॅमेऱ्याकडे कार्डाची पाठ आहे. चित्र उलटं करून घेतलं आणि भोकं मोजायला बसलो. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. बहुतेक रकाने माझ्या बोटांनी झाकले आहेत, पण पहिला उघडा आहे. त्यात एक भोक सर्वांत वरच्या ओळीत, दुसरं तीनच्या ओळीत. म्हणजे सी. त्यापुढचे काही रकाने कोरे.

कार्ड नुसत्या माहितीचं असेल, तर त्या सीला फारसा अर्थ नाही. पण फॉर्ट्रानच्या गठ्ठ्यातल्या कार्डावर पहिल्या रकान्यात सी असला, की भाषांतर करणारा कंपायलर ती ओळ सोडून पुढे जातो. तिथे काय मोजतोय, का मोजतोय, हे पुढच्या माणसाला सांगायची ती जागा. पुढे फॉर्ट्रान ९० मध्ये रकान्यांचं बंधन सुटलं आणि सीऐवजी उद्गारचिन्ह आलं, तरी जुन्या धाटणीची ओळ आजचे कंपायलरही समजून घेतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत मान्सूनची जी प्रारूपं चालतात, त्यांच्या पोटातही फॉर्ट्रानच आहे.

इतकी दशकं असा प्रोग्रॅम चालू राहतो, तो कुणीतरी तो वाचून, समजून, दुरुस्त करत आलं म्हणून. त्या वाचणाऱ्याला हात देते ती यंत्रानं वगळलेली ओळ. तिच्यात एक अक्षर चुकलं तरी उत्तर बदलत नाही, आणि तरीही आत्या आणि तिची जोडीदारीण ती दोनदा बडवून तपासायच्या. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना मी आधी या दोघींबद्दल सांगतो. मग म्हणतो, कोड नंतर लिहा. तुमच्यानंतर इथे बसणाऱ्या माणसासाठी पहिली ओळ आधी लिहा, आणि ती दोनदा तपासा.