दहा छिद्रांचा बाजा

कांहीं वाद्यांत सारे सूर आधींच मांडून ठेवलेले असतात. वाजविणाऱ्यानें त्यांवर केवळ बोट ठेवावयाचें. कांहींत मात्र सूर ज्याचा त्याला शोधून काढावा लागतो. पहिल्या वर्गांतील पेटीच्या सहवासांत आमचीं चाळीस वर्षें गेलीं. दुसऱ्या वर्गांत सारंगीची गणना सगळेच करतात. पण जत्रेंत मुलांना घेऊन द्यावयाच्या माउथ ऑर्गनलाही त्याच पंक्तीस बसवावें असें आम्हीं म्हटलें, तर वाचक हंसतील. त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

आमचें वास्तव्य विश्रामबागेस. एका हाताला नाट्यपंढरी सांगली, दुसऱ्या हाताला तंबोरे घडविणारें मिरज. अशा जागीं पेटीच्या गुणदोषांवर वाद न घातलेला संगीतप्रेमी विरळा. पेटीवरचे मुख्य आरोप दोन: तिला श्रुति नाहींत आणि तिला मींड नाहीं. पहिल्याचा विचार सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं केला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर त्यांनीं श्रुति पडताळून पाहिल्या, 1910 सालीं त्यांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि क्लेमंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींच्या पेटीचाही प्रयोग केला. मींडेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑल इंडिया रेडिओनें 1940 सालीं पेटीला दार बंद केलें, तें 1971 पर्यंत उघडलें नाहीं. मैफलींत गवई दोन सुरांमधून घसरत जाई आणि आम्ही त्याच्यामागून पायऱ्या उतरत जात असूं. चाळीस वर्षें हेंच चाललें.

तीन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूनें आमच्या उजव्या हाताचीं बोटें नेलीं. प्राण वांचला, चालणें-बोलणें परत आलें. बोटें आलीं नाहींत. पेटीवर जें वस्त्र पडलें तें अजून तसेंच आहे. ती कोणाला देऊन टाकावी असा विचार आम्हीं बोलून दाखविला, पण घरांत कोणी तो पुरा होऊं दिला नाहीं. अशा दिवसांत पुण्याच्या आमच्या भाच्यानें हा दहा छिद्रांचा बाजा आणि जाझ संगीताचीं कांहीं ध्वनिमुद्रणें आणून दिलीं. बाजा एका हातानें धरतां येतो. बाकीचें सारें काम श्वासाचें.

त्याची रचना चमत्कारिक आहे. प्रत्येक छिद्रांत पितळेच्या दोन पाती. एक फुंकेनें बोलते, दुसरी श्वास आंत ओढतांना. फुंकेवर सा, ग, प हेच फिरून फिरून येतात. बाकीचे सूर ओढीवर. मधलें सप्तक शुद्ध स्वरांनीं भरलेलें. पण खालच्या सप्तकांत मध्यम आणि धैवत बसविलेलेच नाहींत, आणि कोमल स्वर तर कोठेंच नाहीं. जाझच्या चालींना तर कोमल गंधार-निषादांचें भारी वेड! अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं यावर दोन तोडगे वापरले. पहिला, पंचमालाच षड्ज मानावयाचें. मूर्च्छना बदलतांच कोमल निषाद आपोआप मिळतो आणि आपला खमाज थाट उभा राहतो. दुसरा अधिक विलक्षण. ओढ घेतांना जीभ मागें नेऊन, 'ई' म्हणतां म्हणतां 'ऊ' म्हणावें तशी तोंडांतली पोकळी बदलली, कीं सूर खालीं वांकतो. तिसऱ्या छिद्रांत फुंकेला पंचम, ओढीला निषाद. त्यांच्या दरम्यानचे कोमल निषाद, धैवत आणि कोमल धैवत हे तिन्ही सूर त्या एका ओढींतून उतरत येतात. मधल्या सप्तकांतले कोमल गंधार-निषाद तरीही अडून बसले होते. ते 1970च्या सुमारास हॉवर्ड लेव्ही या अमेरिकन वादकानें फुंकेच्या एका वेगळ्याच युक्तीनें साधले. ती युक्ति आम्हांला अद्याप वश झालेली नाहीं.

वाचक विचारतील, जाझच कां? यमन कां नाहीं? यमनांत आमचीं चाळीस वर्षें आमच्यासमोर परीक्षक होऊन बसतात, आणि प्रत्येक डळमळीत सुरागणिक गेलेल्या बोटांची आठवण होते. जाझमध्यें आम्ही बालवर्गांत आहों. तेथें अडखळण्याची लाज नसते. शिवाय तें आपल्या कानाला परकेंही नाहीं. मुंबईच्या हॉटेलांतून तें वाजविणारे गोमंतकीय वादकच पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. पुणतांब्याच्या चितळकरांनीं, म्हणजे सी. रामचंद्रांनीं, 1951 सालच्या 'अलबेला'मध्यें चिक चॉकलेट यांच्या ताफ्यालाच स्थान दिलें. ती लय ऐकतच आमची पिढी वाढली.

शिकावयास घेतलेली पहिली चाल जॉर्ज गर्श्विन यांच्या 1935 सालच्या 'समरटाइम'ची. रिषभाला षड्ज मानून ती या बाज्यावर चांगली बसते. पण पहिल्याच ओळीचा शेवटचा सूर खालच्या धैवतावर येऊन टेकतो, आणि तोच तर बाज्यांत नाहीं! तिसऱ्या छिद्राची ओढ निषादावरून वांकवीत आणून तो करावा लागतो. त्यास चार महिने लागले. प्रथम सूर मुळीं वांकेचना. मग वांकला तो थेट कोमल धैवतावर जाऊन पडे. शेजारचें कुत्रें तेवढें साथ करी, आणि आंतून "अहो, निदान दार तरी लोटून घ्या" अशी सूचना येई. एके संध्याकाळीं निषादावरून निघालेला सूर कोठेंही न अडखळतां धैवतावर येऊन थांबला. ती मींड होती. पेटीमागें बसून आम्हीं आयुष्यभर केवळ गवयांच्या गळ्यांत ऐकलेली मींड, आणि तीही पितळेच्या पातीवर. मंडळी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि कांहीं न बोलतां दारांत उभी राहिली.

तो धैवत आजही रोज येतोच असें नाहीं. पेटीलाही आम्ही दोष देत नाहीं. तिनें पोट भरलें आणि चारचौघांत मान दिला. तिच्यांत सारे सूर तयार मिळाले, म्हणून एकही स्वतः घडवावा लागला नाहीं, एवढेंच. आतां एका छिद्रांतला एक सूर आमचा स्वतःचा आहे. यापुढें कोमल गंधार. त्याला किती महिने लागतील, आणि तितके आमच्या हातीं आहेत कीं नाहींत, हें वैद्यांस विचारीत न बसतां आम्ही सकाळीं बाजा ओठांना लावतों.