कानावरचा भरवसा

मेकॅनिक म्हणजे ज्याला कान आहे तो, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो आणि चारचौघांत ठासून सांगतही आलो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ‘टॅपेट’ किंवा ‘टायमिंग चेन’ असा निकाल द्यायचा. ही विद्या ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात मी गाडीची चावी दिली नसती. आता माझं मत बदललं आहे. जुनी मोटारसायकल ठकठक करू लागली तर कान सगळ्यात शेवटी वापरावा, असं मी म्हणतो. जुने मित्र माझ्याकडे जरा संशयानेच बघतात.

हे कानाचं वेड आमच्या पिढीला कुठून लागलं, याचा मला अंदाज आहे. आम्ही चेतकवर वाढलो. आकुर्डीत बनणारी, १९७२ साली बाजारात आलेली ती टू-स्ट्रोक स्कूटर. तिला ना व्हॉल्व्ह, ना टॅपेट, ना टायमिंग चेन. मागचं चाकसुद्धा थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेलं, मध्ये साखळीच नाही. मागून धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज आला की इंजिन नाहीतर गिअरबॉक्स, एवढं म्हटलं तरी बहुतेक वेळा जमून जायचं. पुढे चेतक गेली, मोटारसायकली आल्या, आणि आम्ही तोच कान घेऊन त्यांच्याकडे गेलो.

मोटारसायकलीत मात्र सगळं पसरलेलं असतं. इंजिन मध्ये, तिथून मागच्या चाकापर्यंत चेन, चाकाच्या हबात रबराचे तुकडे, स्विंग आर्मला बुश, पुढे शॉकअप आणि हँडलच्या दांड्यात कोनसेट. ही सगळी मंडळी एकाच लोखंडी चौकटीला बांधलेली, आणि लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. त्यामुळे हबातला ठक पायाखाली इंजिनात झाल्यासारखा वाटतो, कोनसेटचा टाकीखालून आल्यासारखा. आवाज खरा असतो, त्याचा पत्ता तेवढा चुकीचा मिळतो.

पुण्यात बिबवेवाडीत राहणाऱ्याच्या गाडीला परीक्षांची कमतरता नाही. अप्पर इंदिरानगरहून मार्केट यार्डाकडे निघालं की उतार, गतिरोधक, आणि गंगाधाम चौकात क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. माझी दीडशे सीसीची गाडी पंधरा वर्षं उलटून, पुनर्नोंदणी होऊन या रस्त्यावर ठक करू लागली. एका जाणकाराने कान लावून ‘हाफ इंजिनचं काम निघेल’ असं सांगितलं, आणि मला ते पटलंही होतं.

अप्पर इंदिरानगरच्या चढावरच्या एका लहानशा गॅरेजमधल्या पोराने इंजिन सुरूच करू दिलं नाही. “काका, आवाज राहू द्या. कधी येतो ते सांगा.” ब्रेक दाबल्यावर? गॅस सोडल्यावर? गतिरोधकावर? उभ्या गाडीला रेस दिली तर येतो का? हा वेळ काढतोय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, याला कान नाही असंच वाटलं.

पण त्या प्रश्नांत सगळं होतं. उभ्या गाडीला रेस दिली आणि आवाज रेसबरोबर वाढला, तर दोष इंजिनात. तेव्हा खुशाल स्क्रूड्रायव्हर काढावा. क्लच दाबून, गाडी नुसती गडगडत असताना चाकाच्या वेगाबरोबर आवाज वाढला, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. चाक, चेन, ब्रेक बघायचे. गतिरोधकावर एकदाच ठक झाला तर स्विंग आर्मचे बुश, शॉकअपची रबरं, किंवा स्प्रिंग ढिली पडून आपटणारा मेन स्टँड. (या शेवटच्याने किती इंजिनं विनाकारण उघडली गेली असतील, कोण जाणे.)

माझ्या गाडीचा ठक पुढचा ब्रेक दाबताना येई, आणि गॅस सोडून पुन्हा देतानाही. मी त्याला एकच समजत होतो. पोराने गाडी मेन स्टँडवर घेतली, मला मागे दाब द्यायला लावून पुढचं चाक उचललं, शॉकअपची खालची टोकं धरून मागेपुढे हलवली. हँडलखाली बोटाला कळेल इतकं ढिलं. मग हँडल सावकाश फिरवलं तर ते बरोबर मध्यावर अडकल्यासारखं होई. वर्षानुवर्षं त्याच जागी हादरे खाऊन कोनसेटच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले होते. हा पहिला ठक. दुसरा मागे निघाला. चाक घट्ट धरून स्प्रॉकेट हलवलं तर ते आधी मोकळंच थोडं फिरे आणि मग धक्का घेई. हबातली रबरं कडक होऊन झिजलेली. चेनही सैल होती. अशा गाड्यांना दोनतीन सेंटिमीटरचा झोल पुरे, आणि तो चाक फिरवत चारपाच ठिकाणी मोजावा लागतो, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

कोनसेट आणि हब रबर मी नाना पेठेतून आणले. इंजिन उघडण्याच्या मानाने खर्च किरकोळ.

कान निकामी, असं मी म्हणत नाही. इंजिन गरम असताना, चढावर जोर पडला की खोलवरून ढबढब आवाज येऊ लागला, तर गाडी तिथेच बंद करून ढकलत न्यावी. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा तो आवाज ऐकत घरी जाणं महागात पडतं. पण तिथेही ‘चढावर’ आणि ‘गरम असताना’ ही माहिती कानाने दिलेली नाही.

दुसरं मत पैशाबाबत बदललं, आणि ते कबूल करायला मला जास्त जड जातं. नुसतं बघण्याचे पैसे मागणारा मेकॅनिक मला लुबाडणारा वाटे. आपल्याकडे निदान फुकट असतं, मजुरी पार्ट बदलण्याची. मग पार्ट बदलण्याकडेच कल जाणार. यात मेकॅनिकपेक्षा माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा हात मोठा. त्या पोराने बघण्याचे काही मागितले नाहीत. मी दिले, तर त्याने ते मजुरीत धरले.

सकाळी थंड गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकताना होणारा ठक अजून आहे. तो बहुतेक गाड्यांचा असतो. रात्रभर तेलात चिकटलेल्या क्लच प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, म्हणून गिअर धक्का देऊन बसतो. एका शेजाऱ्यांनी परवा तो ऐकून, गिअरबॉक्स दाखवून घ्या म्हणून सुचवलं. मी त्यांना विचारलं, कधी येतो?