घासाघासाला पाणी

छावणीतल्या एका लहान लॅबमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा रक्तात इओसिनोफिल वाढले म्हणजे जंत नाहीतर दमा, एवढंच मला ठाऊक होतं. गुरुवारी बाजारासोबत पेशंटांचीही गर्दी व्हायची. आकडा लिहायचा, पुढची काच घ्यायची.

घाटी रुग्णालयातून निवृत्त झालेले पॅथॉलॉजीचे एक सर संध्याकाळी स्लाइड पाहायला येत. एकदा एका शाळकरी मुलाच्या अन्ननलिकेचे तुकडे आले. त्याचं रक्त मीच तपासलं होतं. त्यात काही विशेष नव्हतं. सरांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "मोज." लाल दाण्यांच्या पेशी, म्हणजे इओसिनोफिल, मोजता मोजेनात. "जठरात, आतड्यात या थोड्या असतातच. अन्ननलिकेत एकही नको. एका फील्डमध्ये 15 किंवा जास्त दिसल्या, की शंका घ्यायची. आणि पोरगा जेवतो कसा, ते विचारलंस?"

मी कशाला विचारणार! सुई टोचण्यापलीकडे पेशंटशी बोलायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट न्यायला आई आली, तेव्हा सरांनीच विचारलं. ती म्हणाली, "घासाघासाला पाणी लागतं त्याला. भाकरी तर चघळतच बसतो. घरात सगळे म्हणतात, नाटकं करतो."

त्या संध्याकाळी सरांनी मला जे शिकवलं, ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नव्हतं. दूध, गहू, अंडं अशा साध्या अन्नातल्या प्रथिनांना अशा मुलांची प्रतिकारशक्ती शत्रू समजते. टी-पेशी इंटरल्युकिन-5 आणि 13 सोडतात. पहिल्यानं अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढतात. दुसऱ्यामुळे अन्ननलिकेचं अस्तर इओटॅक्सिन-3 नावाचं रसायन सोडून त्यांना बोलावून घेतं. तिथं ते आपले विषारी दाणे रिकामे करतात. वर्षानुवर्षं हेच चाललं, तर नळी कडक आणि अरुंद होते. अंगावर पित्त उठवणारी नेहमीची ॲलर्जी वेगळी. म्हणून त्वचेच्या चाचणीवर इथं भरवसा ठेवता येत नाही.

बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी 1995 साली असाच त्रास असलेल्या 10 मुलांचं नेहमीचं अन्न बंद करून त्यांना फक्त अमिनो आम्लांचं दूध दिलं. 8 जणांचा त्रास थांबला, 2 जणांचा कमी झाला. हे सांगताना सरांचा चेहरा खुलायचा. आज गिळायची स्टेरॉइड आहेत, डुपिलुमॅबसारखं इंजेक्शनही आहे. पण दोष अन्नाशी जोडलेला आहे, हे त्या मुलांनी दाखवलं.

सर आता नाहीत. आकड्यामागचं माणूस विचारायची सवय ही त्यांची आणि त्या आईच्या एका वाक्याची देणगी. दोघांचंही ऋण फिटणारं नाही.

तुमच्या घरात एखादं लेकरू जेवायला तासन्‌तास लावत असेल, घास अडकतो म्हणत असेल, तर रागावू नका. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही राहू नका. आपल्या मनानं दूध-पोळी तोडू नका. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवा, आणि ते जेवतं कसं, हे सगळ्यात आधी सांगा.