चुकांची वही

घरच्या जमाखर्चाप्रमाणें संगणकालाहि स्वतःच्या चुकांची एक वही असते. नागपुरांत सदर भागांतील एका संस्थेच्या संकेतस्थळाची ही वही रोज वाचण्याचें काम मजकडे आहे. ॲडमिन पॅनेलांत प्रत्येक नोंदीपुढें वेळ, पानाचा पत्ता आणि एक आंकडा येतो. ४०४ म्हणजे मागितलेलें पान सांपडलें नाहीं. ५०० म्हणजे दोष आमच्याच यंत्रणेंत. एकच चूक शंभरदां उमटली तरी मूळ बहुधा एकच असतें. म्हणून सारख्या नोंदी एकत्र करून तें शोधावें लागतें.

तेथेंच ‘सर्व नोंदी पुसा’ अशी एक कळ आहे. ती दाबतांच पडदा निर्मळ होतो. दोष मात्र जागच्या जागीं राहतो. एकदां रात्रीं ११ नंतर एकाच अर्जापुढें ५०० चा आंकडा सात वेळां उमटला होता. शेवटच्या तारखेस कोणी विद्यार्थी सात वेळां दार ठोठावून परत गेला होता! त्या नोंदींवरूनच दोष सांपडला व मुदत वाढविण्यांत आली.

९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क-२ संगणकांत अडकलेला पतंग तेथील मंडळींनीं बाहेर काढला व नोंदवहींतच चिकटवून ठेवला. हीच रीत खरी. दोष दूर करावा; नोंद मात्र फाडूं नये.